चष्म्याच्या घरातला शिक्का

चहा हा पगार असतो, असं मला आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. फुकटचा चहा म्हणजे वस्तुरूप मोबदला. मोबदला घेतला की ती नोकरी झाली. आणि विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी मुलांना नोकरी करायला मनाई आहे. म्हणून परदेशी विद्यार्थी एखाद्या कंपनीत प्रशिक्षणाला गेला, तर त्याने तिथला चहा प्यायचा नाही. मग पाण्याचं काय, असं मी विचारलं, कारण मी नवी होते आणि मला वाटलं गंमत चाललीये. सरांनी गंभीरपणे विचार केला आणि पाणी ही माणुसकीची बाब आहे, ते चालेल, असं सांगितलं. थंड पाण्याबद्दल मात्र त्यांचं मत अजून ठरलेलं नव्हतं.

आमचं विद्यापीठ म्हणजे मुलुंडमधली सात मजल्यांची काचेची इमारत. माहितीपत्रकात तिला 'कॅम्पस' म्हटलेलं असे. त्याच माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर देशोदेशीची मुलं हसत उभी असत, आणि त्या हसण्याला भुलून टांझानिया, मलावी, नेपाळ, येमेन अशा ठिकाणांहून दरवर्षी दहा-पंधरा जण आमच्याकडे येत. चौथ्या मजल्यावर त्यांच्यासाठी 'परदेशी विद्यार्थी कक्ष' होता. कक्षात तीन टेबलं, आठ कपाटं, एक मी आणि एक सर. मी कांजूरमार्गहून यायचे. बी.कॉम. झाले होते आणि टायपिंग बरं होतं, म्हणून मला घेतलं होतं. सरांना कशासाठी घेतलं होतं ते मला त्यांच्याबरोबरच्या पाच वर्षांत कळलं नाही.

काम तसं सोपं होतं. आमच्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटचे सहा महिने बाहेर प्रशिक्षण असे. लॅबवाल्यांनी लॅबमध्ये जायचं, औषधवाल्यांनी कारखान्यात, कॉम्प्युटरवाल्यांनी कंपनीत. इथली मुलं ओळखीपाळखीने कुठेतरी चिकटत. परदेशी मुलांना मात्र विद्यापीठाचं पत्र लागे, की हे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग आहे, नोकरी नव्हे. त्या पत्रावर शिक्का लागे. आणि शिक्का सरांकडे असे.

सरांकडे म्हणजे अक्षरशः सरांकडे. तो कधी ड्रॉवरमध्ये नसायचाच. एका जुन्या चष्म्याच्या घरात त्यांनी तो ठेवला होता आणि ते घर शर्टाच्या खिशात. जेवायला जाताना खिशात, बाथरूमला जाताना खिशात, संध्याकाळी घाटकोपरला घरी जातानाही खिशात. मारलाच कधी, तर रुमालाने पुसून, फुंकर घालून परत आत. रजा ते घेत नसत, कारण रजेच्या दिवशी शिक्का कुणाकडे द्यायचा हा प्रश्न होता, आणि तेवढ्या विश्वासाचा माणूस त्यांना जगात सापडला नव्हता.

दिसायला त्यांच्यात काहीच खास नव्हतं. पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, पांढरा शर्ट, कानांवर केस. ईमेल आली की ते ती छापायला सांगत, कागदावर पेनने उत्तर लिहीत आणि ते उत्तर मी परत टाइप करून पाठवत असे. विद्यार्थ्यांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. देशाच्या नावाने हाक मारत, 'येमेन, फोटो दोन लागतील.' एका देशाचे दोघं असले की एक आणि दोन. 'नाही' हा शब्दही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. कुणी अर्ज घेऊन आलं की म्हणायचे, "मी नाही म्हणत नाहीये. मी अजून हो म्हणत नाहीये." या 'अजून'मध्ये मुलांची सेमिस्टरं जात.

त्यांचं आयुष्यातलं मोठं काम म्हणजे प्रशिक्षण नियमावली. हिरव्या पुठ्ठ्याची, मी आले तेव्हा एकतीस पानांची. मी टाइप करत गेले तशी ती वाढत वाढत बेचाळीस पानांवर पोचली. नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवशी सर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचत. समोर लांबच्या प्रवासाने शिणलेली मुलं. निम्म्यांना सरांचं इंग्रजी कळत नसे, आणि ज्यांना कळे ती घाबरत. प्रशिक्षणाच्या ठिकाणी कंपनीचं पेन वापरू नये. कुणाचा वाढदिवस असल्यास केक खाऊ नये. कंपनीने विद्यार्थ्याचं लेखी कौतुक करू नये, कारण कौतुक हाही मोबदलाच. हा नियम टाइप करताना मी थांबले आणि विचारलं, की मग प्रशिक्षण कसं झालं हे कंपनीने कळवायचं कसं? ते म्हणाले, वाईट झालं असेल तर कळवावं.

हे नियम आले कुठून, असं कुणी विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "नियम वाचायचा नसतो, पाळायचा असतो." पहिल्या वर्षी मला ते एका ठाम माणसाचं वाक्य वाटलं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

माझ्या दुसऱ्या वर्षी सर अंधेरीला धाड घालायला गेले. नेपाळचा एक विद्यार्थी तिथल्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत शिकत होता आणि त्याचं चांगलं चाललं होतं. सर न कळवता गेले. साक्षीदार म्हणून मला घेतलं. रिसेप्शनवर आम्हाला चहा विचारला, तो सरांनी माझ्याही वतीने नाकारला. काचेपलीकडे तो विद्यार्थी कागदी कपातून काहीतरी पीत बसला होता. सर उठले, सरळ आत गेले आणि कपात डोकावले. कॉफी होती. नियमावलीत कॉफीचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ते जरा अडले. पण परतीच्या रिक्षात पवई यायच्या आत त्यांचं ठरलं, की चहामध्ये कॉफी गृहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रशिक्षण रद्द झालं.

यातली मोठी शरमेची गोष्ट अशी, की नेपाळच्या माणसाला आपल्या देशात काम करायला व्हिसा लागतच नाही. आमच्या वॉचमनलाही हे माहीत होतं, कारण तो स्वतः नेपाळचा होता. मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, वॉचमनकडे हे लेखी आहे का? त्या विद्यार्थ्याने मग आमचा नाद सोडला, त्याच कंपनीत सरळ नोकरी धरली आणि पदवी दुसरीकडून पुरी केली. त्याला वाट होती. बाकीच्यांना नव्हती.

त्या धाडीनंतर सरांनी 'अंतर्गत प्रशिक्षण' शोधून काढलं. परदेशी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवायचंच नाही. त्यांनी आमच्या कक्षाशेजारच्या खोलीत बसायचं आणि सहा महिने सरांच्या फायली लावायच्या. औषधवाला असो, कॉम्प्युटरवाला असो, लॅबवाला असो, सगळ्यांना एकच काम. अर्ज रंगांप्रमाणे वेगळे करायचे, कागदांना भोकं पाडायची, नियमावलीच्या प्रतींना पुठ्ठे लावायचे. रोज डायरी लिहायची. एकाने लिहिलं, 'आज मी दिवसभर पंचिंग केलं.' सरांनी ते खोडून वर लिहिलं, 'दस्तऐवज प्रक्रियेचा अभ्यास केला.' शेवटी प्रमाणपत्र मिळे, त्यात 'संबंधित क्षेत्रातील प्रत्यक्ष अनुभव' असे शब्द असत. ते शब्द मीच टाइप केलेले आहेत. खाली शिक्का. इथे तो मारताना सरांचा हात कधी अडखळला नाही, कारण सगळं त्यांच्या नजरेसमोर घडलेलं असे, आणि चहाही आपापल्या पैशांचा.

विद्यापीठात कुणीच काही बोललं नाही. कुलसचिवांना वाटलं, परदेशी मुलांची कटकट मिटली. विभागप्रमुखांना वाटलं, त्यांच्यासाठी जागा शोधायचं काम गेलं. आणि मुलांना वाटलं, भारतात असंच असतं.

चिसोमोलाही तसंच वाटलं. हा मलावीचा, लॅब टेक्नॉलॉजी शिकलेला, अतिशय सौम्य माणूस. वर्गात पहिला. त्याच्या हाताने रक्त काढलं तर पेशंटला कळतही नाही, असं त्याच्या शिक्षिका म्हणत. तो आमच्याकडे सात महिने बसला. सातवा महिना का, तर डायरीतल्या त्याच्या सह्या एकसारख्या नव्हत्या असं सरांना वाटलं. त्याने आठही कपाटांतल्या फायलींची इतकी सुंदर यादी केली की सर तिच्याकडे मधूनच नुसते बघत बसायचे. जाताना चिसोमोने वाकून सरांचे हात हातात घेतले. सर मला नंतर म्हणाले, हा माझा सगळ्यात यशस्वी विद्यार्थी.

मी घरी हे सगळं सांगायचे. माझे बाबा मालवणकडचे, गिरणी बंद पडेपर्यंत परळला साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते ऐकून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, आमचा साहेब वेडा आहे. बाबा म्हणाले, "येडो नाय गो तो. तेका कोण काय इचारीत नाय, म्हणान तो तसो." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मीही न विचारणाऱ्यांतलीच आहे हे त्यांनी सरळ म्हटलं नाही, एवढी त्यांनी माझी लाज राखली.

सरांची मागची हकिकत मला प्रज्ञाने सांगितली. प्रज्ञा सोनावणे लॅब टेक्नॉलॉजी शिकवायची, चिसोमोच्या हाताचं कौतुक करणाऱ्या त्या शिक्षिका म्हणजे हीच. राहायला गोवंडीला, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि तोंडाने एकदम फटकळ. ती म्हणाली, पूर्वी आपल्याकडचा एक परदेशी विद्यार्थी अंधेरीतल्या हॉटेलात वाढप्याचं काम करताना सापडला. चौकशीला विद्यापीठातून कुणीतरी पाठवायचं होतं, तर सरांना पाठवलं. पोलीस स्टेशनात त्यांना बाकावर दोन तास बसवून ठेवलं. कुणी ओरडलं नाही, काही नाही. नुसतं बसवलं. त्यानंतर ते असे झाले.

मला वाटतं प्रज्ञाने हे थोड्या दयेने सांगितलं असावं. मला दया आली नाही. दोन तास बाकावर बसल्याचा वचपा त्यांनी पुढे अकरा वर्षं काढला, आणि तोही पोलिसांवर नाही, हॉटेलवाल्यावर नाही, तर ज्यांचा त्यात काही संबंध नव्हता अशा पोरांवर.

चिसोमो गेला आणि दोन वर्षांनी नीमाचा अर्ज आला. नीमा टांझानियाची, तीही लॅब टेक्नॉलॉजीचीच. तिची मोठी बहीण तिकडे लॅबमध्ये काम करत होती, त्यामुळे पुढे काय लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या देशात लॅबचं काम करायचं तर नोंदणी लागते, आणि नोंदणीला खऱ्याखुऱ्या लॅबमधल्या सहा महिन्यांच्या कामाचा दाखला लागतो, लॅबप्रमुखाच्या सहीचा. फायली लावल्याचा दाखला घेऊन ती परत गेली असती, तर तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात. प्रज्ञाने तिच्यासाठी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा मिळवली होती. महिनाअखेरपर्यंत ते थांबायला तयार होते. फक्त आमचं पत्र हवं होतं.

सर म्हणाले, मी नाही म्हणत नाहीये.

नीमा समोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, की मला तो नियम बघायला मिळेल का, ज्यात असं लिहिलंय की मी लॅबमध्ये शिकू शकत नाही? मुलुंडमध्ये तीन वर्षं राहून ती चांगलं हिंदी बोलायला लागली होती. सरांनी तिला हिरवी नियमावली दिली. ती म्हणाली, ही तुमची आहे, मला सरकारची हवी. सरांनी आपलं वाक्य ऐकवलं, नियम वाचायचा नसतो, पाळायचा असतो. नीमाने विचारलं, न वाचता पाळायचा कसा? सरांनी मला सांगितलं, टांझानियाने वाद घातला अशी नोंद करा.

मी नोंद केली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचं सांगितलेलं केलं नाही, आणि काही कोसळलं नाही. त्या दिवशी सर आतल्या केबिनचं दार लावून जेवायला बसले तेव्हा मी शेवटच्या कपाटातली सगळ्यात जुनी फाइल काढली. चिसोमोच्या यादीमुळे ती दोन मिनिटांत सापडली. आत सरकारी परिपत्रक होतं, एका पानाचं. त्यात लिहिलं होतं, की विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येणार नाही, परंतु अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रशिक्षण संस्थेच्या पत्रावर घेता येईल. एवढंच. चहा नाही, केक नाही, पेन नाही. समासात सरांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'म्हणजे नेमके काय? खुलासा मागवावा.' खाली तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. त्यापुढे त्या फायलीत एकही कागद नव्हता. खुलासा कधी मागवलाच नव्हता.

बेचाळीस पानांची नियमावली, त्यातली अकरा पानं मी टाइप केलेली. एका न पाठवलेल्या पत्राऐवजी.

मी प्रज्ञाला बोलावलं, नीमाला बोलावलं, आणि सरांचं जेवण आटपल्यावर आम्ही तिघी आत गेलो. परिपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. ते रागावले नाहीत. डबा पुसून पिशवीत ठेवला, मग कागद हातात घेतला आणि म्हणाले, हो, खुलासा बाकी आहे.

"सर, विचारलंच नाहीत तर खुलासा येणार कुठून?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर उत्तर आलं असतं," सर म्हणाले. "आणि उत्तर हो असं आलं असतं, तर पत्रावर सही मला करावी लागली असती. उद्या एखादा कुठे सापडला, तर कुणाला बोलावतील?"

प्रज्ञा म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही पोरांची वाट लावलीत, का, तर तुम्हाला कुणी बोलावू नये?"

सर म्हणाले, भाषा सांभाळा. मी त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधायला गेले, तर तिथे फक्त सावधपणा होता. मला वाटतं, त्यांना खरंच कळत नव्हतं की यात त्यांचं काय चुकलं. कक्षातल्या एकाही मुलावर अकरा वर्षांत ठपका आला नव्हता. कसा येणार? त्यांना कुठे जाऊच दिलं नव्हतं.

प्रज्ञाने त्याच संध्याकाळी विभागाच्या पत्त्यावरून संबंधित सरकारी कार्यालयाला ईमेल केली. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की असं प्रशिक्षण घेता येतं, संस्थेने पत्र द्यावं. सरांनी ते मला छापायला लावलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, यावर शाईची सही नाही. मग नीमा आपला पांढरा लॅब कोट घालून कुलसचिवांच्या केबिनबाहेर जाऊन बसली. तीन दिवस बसली. येणारे-जाणारे पालक विचारायला लागले, ही डॉक्टर इथे का बसलीये? तिसऱ्या दिवशी कुलसचिवांनी पत्रावर स्वतः सही केली आणि मला सांगितलं, शिक्का मारून देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रजा टाकली होती, आणि शिक्का अर्थातच घाटकोपरला होता. हॉस्पिटलची मुदत त्या दिवशी संपत होती.

नीमा आणि मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या सोसायटीतला दुसरा मजला. दार त्यांच्या बायकोने उघडलं. शाळेत शिकवायच्या, त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. सर बनियन आणि लेंग्यात जमिनीवर बसून मटार सोलत होते. आम्हाला पाहून त्यांनी शेंगांचं ताट जरा पुढे सरकवलं, जणू आम्ही पंगतीला आलो होतो. मी काय काम आहे ते सांगितलं. सर म्हणाले, मी रजेवर आहे, रजेवर असताना शिक्का वापरता येत नाही. कितव्या पानावर आहे तेही सांगितलं.

बाईंनी आधी आम्हाला बसवलं, चहा ठेवला आणि मग नीमालाच विचारलं, काय झालं ते तू सांग. नीमाने आपल्या हिंदीत सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर बाई आतल्या खोलीत गेल्या, चष्म्याचं घर घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं.

"तुम्हीच मारा," त्या मला म्हणाल्या. "यांचा हात धजायचा नाही."

मी नवऱ्याबायकोकडे आळीपाळीने पाहिलं. सर उठले नाहीत, अडवलं नाही. मटाराचे दाणे बोटाने ताटात एकीकडे करत राहिले. मी शिक्का काढला. इतकी वर्षं लांबून पाहिलेली ती वस्तू हातात घेतल्यावर अगदी हलकी लागली, लाकडी मूठ आणि झिजलेलं रबर. पत्रावर मारला. खालून सर म्हणाले, तारीख नीट टाका. नीमाने चहा संपवला, बाईंच्या पाया पडली आणि आम्ही चालतच हॉस्पिटलला गेलो. लॅबवाल्यांनी पत्र पाहिलंसुद्धा नाही नीट. फाइलला लावलं आणि तिला विचारलं, उद्या आठ वाजता येशील ना?

नीमाची नोंदणी झाली. आज ती बहिणीच्याच शहरात काम करते.

मला वाटलं होतं आता सरांना जाब विचारतील. झालं उलटंच. ते दोन ओळींचं सरकारी उत्तर नियमावलीला परिशिष्ट म्हणून जोडलं गेलं, वर सरांनी लिहिलं, 'कक्षाच्या सततच्या पाठपुराव्यानंतर प्राप्त.' वांद्र्याला कसलीशी परिषद झाली, तिथे त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणातील अडचणी या विषयावर भाषण केलं. अडचणींबद्दल त्यांच्याइतकं अधिकाराने दुसरं कोण बोलणार होतं? वर्षभराने निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. कुलसचिव म्हणाले, यांच्या काळात एकही तक्रार आली नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

कक्ष मग माझ्याकडे आला, प्रभारी म्हणून. पहिल्याच महिन्यात मी हजेरीवही काढली. अंतर्गत प्रशिक्षणाची सतरा नावं होती. मी सतराही जणांना ईमेल लिहिली, की तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं, बाहेर प्रशिक्षण घ्यायचा तुम्हाला हक्क होता, मला माफ करा. निम्म्यांचे पत्ते बंद पडले होते. कॉम्प्युटरवाल्या दोघांनी लिहिलं, काही बिघडलं नाही, आमचं बरं चाललंय. चिसोमोचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्याचा नोंदणीचा अर्ज तीनदा नाकारला गेला होता. तिथल्या नोंदणी मंडळाने विचारलं होतं, लॅबमध्ये काय केलंस, आणि त्याने आपली डायरी दाखवली होती. आता तो मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात होता. माफीबद्दल त्याने आभार मानले होते आणि खाली एक विनंती होती. हेच सगळं लेटरहेडवर मिळेल का?

मी कुलसचिवांना विचारलं. ते म्हणाले, असं लिहून देणं म्हणजे आपण खोटं प्रमाणपत्र दिलं हे कबूल करणं. मी म्हटलं, दिलं होतंच. ते म्हणाले, हे मी ऐकलं नाही. लेटरहेड माझ्या कपाटात होतं. मी पत्र टाइप केलं, की या विद्यार्थ्याला सात महिने कार्यालयीन काम दिलं गेलं, लॅबची संधी दिली गेली नाही, आणि हा दोष त्याचा नाही, संस्थेचा आहे. खाली माझं नाव, माझी सही, शिक्का.

चार महिन्यांनी त्याला तिथल्या जिल्हा रुग्णालयात सहा महिने काम करायची परवानगी मिळाली. ते पुरे झाले की नोंदणी. आमच्या कुलसचिवांकडे त्या पत्राची प्रत कुठूनशी येऊन पोचली आणि मला मेमो मिळाला, विद्यापीठाच्या प्रतिमेला बाधा आणल्याबद्दल, सात दिवसांत खुलासा करा. मी एका ओळीत उत्तर दिलं, की पत्रातला मजकूर खरा आहे. त्यावर पुढे काहीच आलं नाही.

गेल्या वर्षी घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली सर भेटले. हातात भाजीची पिशवी, शर्ट पांढराच. तब्येत वगैरे विचारून झाली. त्यांना सगळं कळलेलं होतं, असल्या बातम्या निवृत्त माणसांना आधी कळतात. आवाज खाली आणून म्हणाले, "मलावीच्या पत्रावर तुम्ही सही केलीत म्हणे."

"हो."

"स्वतःची?"

"हो, सर."

मी म्हटलं, चिसोमो रुग्णालयात लागला, पुढच्या महिन्यात त्याची नोंदणी होईल. तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"मग? काय झालं तुम्हाला?"

"मेमो आला. मी उत्तर दिलं."

"आणि?"

"आणि काही नाही."

लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जिना चढत होते. सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मोकळ्या हाताच्या बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.